वस्तरा शिकताना

संपादकांना सिंहस्थाच्या तयारीवर मजकूर हवा होता. नाशिकच्या रामकुंडावर मी रेंगाळलो ते क्षौर करणाऱ्या नाभिकांपाशी. अस्थिविसर्जन, पिंडदान यांसाठी माणसं इथे बारमाही येतात आणि विधीआधी डोक्यावरून वस्तरा फिरतो. एके काळी विधवांचं केशवपनही याच हत्यारानं व्हायचं. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईच्या नाभिकांनी ते करायला नकार दिला. वस्तऱ्याच्या इतिहासातलं याहून मोठं पान मला माहीत नाही.

पंचवटीतल्या एका दुकानात एक वयस्कर कारागीर पुतण्याला दाढी शिकवत होते. पोराचं लक्ष पात्याकडे, काकांचं त्याच्या डाव्या हाताकडे. "आधी कातडी ताण, मग वस्तरा टेकव." सैल कातडी पात्यापुढे गोळा होते आणि तिथेच चीर पडते. साबणावरून बोटं घसरू नयेत म्हणून काका त्यांना तुरटी चोळतात. पातं कातडीशी साधारण तीस अंशांत हवं: फार उभं झालं की खरवडतं, फार आडवं झालं की केस ओढतं. मनगटाचा दाब नको. आणि पातं धारेच्या लांबीच्या दिशेनं सरकलं, की केसाऐवजी माणूस कापला जातो. सुरुवात गालापासून, केसांच्या वळणानं; हनुवटी आणि वरचा ओठ मागाहून. गळ्यावर केसांची दिशा जागोजागी बदलते, ती आधी बोटांनी चाचपायची.

मग काकांनी धोकटीतून जुना वस्तरा काढला. पाठ जाड, दोन्ही अंगांनी खोलगट घासलेलं पातं. दगडावर पाठ आणि धार एकदमच टेकतात, त्यामुळे धारेचा कोन पात्यातच ठरलेला असतो. हाताला तो शोधावा लागत नाही. किती शहाणी घडण! दगडावर धार पुढे चालते, चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे आणि धार मागे. टोकाला पोचल्यावर पातं पाठीवरच उलटायचं. धारेवर उलटलं तर पट्टा चिरतो, धारही जाते. काकांचा हात एका लयीत चालला होता आणि मला तिथून हलवेना.

पण गिऱ्हाइकाला हा वस्तरा लागत नाही. दुकानात अर्ध्या ब्लेडचा चालतो, दर माणसाला नवं ब्लेड. एचआयव्ही आणि काविळीचे काही विषाणू रक्तातून पसरतात, तेव्हा हेच योग्य. घाटावर जुनं पातं परत यावं असं मी मुळीच म्हणणार नाही. ब्लेडनं शिकणं सोपं झालं असंही नाही. ते पातळ आणि जहाल, त्याचे कोपरे टोचतात, आणि वस्तरा हलका असल्यानं नवशिका नकळत जोर लावतो. गेलं ते धार लावणं. बोथट पात्यानं केस कसा ओढला जातो, पट्ट्यावर फिरवल्यावर तेच पातं कसं सुटतं, हे या पोराच्या हाताला कळायची वेळच येत नाही. बिघडलं की ब्लेड फेकायचं.

स्वतःच्या गालावर, स्वतःपुरत्या ठेवलेल्या पात्यानं त्यानं हे शिकावं, असं मला मनापासून वाटतं. पट्ट्यावर हात बसायला महिने लागतात. २०२७ च्या सिंहस्थाच्या गर्दीत त्याला दिवसभर घाटावर बसावं लागेल, आणि काकांना आत्ताच धार उजेडाला धरून बघावी लागते.