संयोजी ऊती : प्रकार, कार्ये आणि आधारद्रव्याचे महत्त्व

प्रस्तावना
मानवी शरीरात अभिस्तर, संयोजी, स्नायू व चेता अशा चार प्रमुख ऊती आहेत. संयोजी ऊती शिकवताना विद्यार्थी हमखास विचारतात : वाहते रक्त आणि टणक हाड एकाच गटात कसे? प्रकारांची यादी पाठ करून याचे उत्तर मिळत नाही. ते आधारद्रव्यात आहे.

समान रचना
अभिस्तर ऊतीत पेशी एकमेकींना चिकटलेल्या असतात. संयोजी ऊतीत त्या विखुरलेल्या असून मधली जागा आधारद्रव्य व तंतू यांनी व्यापलेली असते. हे आधारद्रव्य द्रव, मऊ की टणक, यावरून ऊतीचे कार्य ठरते.

प्रकार व कार्ये
१) विरल व चरबीयुक्त ऊती : विरल ऊती अवयवांमधील जागा भरून त्यांना आधार देते. चरबीयुक्त ऊती ऊर्जा साठवते व शरीराची उष्णता राखते.
२) तंतुमय ऊती : स्नायुरज्जू स्नायूला हाडाशी, तर अस्थिबंध हाडाला हाडाशी जोडतो.
३) कास्थी : नाक, कान, श्वासनलिका व सांध्यांत आढळते. तिच्यात रक्तवाहिन्या नसल्याने झीज सहज भरून येत नाही.
४) अस्थी : कोलॅजेन तंतूंवर कॅल्शियम फॉस्फेटचे क्षार साचल्याने ती कठीण होते.
५) रक्त व लसिका : यांचे आधारद्रव्य द्रव असते. रक्ताचा सुमारे ५५ टक्के भाग रक्तद्रव असून त्यात विरघळलेल्या फायब्रिनोजेनपासून रक्त गोठताना तंतू तयार होतात.

प्रात्यक्षिक
कोंबडीचे स्वच्छ हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये ठेवल्यास क्षार विरघळतात व हाड वाकू लागते. दुसरे हाड चांगले भाजल्यास कोलॅजेन जळते व ते ठिसूळ होते. लवचीकपणा तंतूंमुळे आणि कठीणपणा क्षारांमुळे येतो, हे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दिसते.

आहाराशी संबंध
१७४७ मध्ये जेम्स लिंड यांनी सॅलिस्बरी जहाजावरील स्कर्व्हीच्या १२ रुग्णांवर निरनिराळे उपाय करून पाहिले. संत्री व लिंबे मिळालेले दोघे सर्वांत लवकर सुधारले. पक्के कोलॅजेन तयार होण्यास क जीवनसत्त्व लागते. ते न मिळाल्यास हिरड्यांतून रक्त येते व जखमा भरत नाहीत. आवळा, पेरू, लिंबू यांसारखी साधी फळे ही गरज भागवतात.

समारोप
आधारद्रव्यापासून सुरुवात केल्यास हे पाच प्रकार एकाच सूत्रात बसतात. विद्यार्थ्याला ऊतीचे नाव आठवले नाही, तरी तिच्या रचनेवरून कार्य सांगता येते. अध्यापनाचे खरे उद्दिष्ट हेच होय.