स्वयंपाकघरातल्या कपाटांचा रंग : आधी मशागत, मग लागण



उसाच्या लागणीआधी नांगरट, ढेकळे फोडणे, सरी काढणे आपण कधी चुकवत नाही. बेणे कितीही जातिवंत असो, रान कच्चे असेल तर पीक साधत नाही. कपाटांच्या रंगाचंही तसंच आहे. महागडा डबा आणला, दोन दिवसांत ब्रश फिरवला आणि वर्षाच्या आत मुठीजवळ पापुद्रे निघाले, असं पुष्कळ घरी दिसतं. दोष बहुतेक वेळा रंगाचा नसतो. खाली राहिलेल्या फोडणीच्या तेलकट थराचा असतो.

वेळ कोणती? हिंगण्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तेव्हा रंगावर साय लवकर धरते, आतला थर ओला राहतो आणि सुरकुत्या पडतात. पावसाळ्यात लाकूड फुगलेले असते. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम. हेच ऊसतोडीचेही दिवस, म्हणून एका वेळी दोनच दारे काढावीत.

मशागत. दारे उतरवून बिजागरीच्या खाचेत पेन्सिलीने क्रमांक घालावा. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून चिकटा काढावा, स्वच्छ पाण्याने दोनदा पुसावे आणि दिवसभर सावलीत वाळवावे. सागवान मुळातच तेलकट. ते टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसावे. मग १२० व १८० नंबरच्या पॉलिश पेपरने रेषेच्या दिशेने घासावे. सनमायका असेल तर त्याची चकाकी पूर्ण मोडल्याशिवाय रंग धरत नाही.

जुन्या रंगाला जपा. पूर्वीच्या तैलरंगांत शिसे असे. भारतात २०१६ साली नियम झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे असलेल्या घरगुती रंगाच्या उत्पादनावर बंदी आली. त्याआधीचा थर कोरडा घासू नये, जाळूनही काढू नये. ती धूळ पोटात गेली तर लहान लेकरांच्या मेंदूला इजा होते. असे काम घराबाहेर, तोंडाला चांगला मास्क लावून, पाण्यात भिजवलेल्या वॉटर पेपरने करावे. पोरं आणि गरोदर बाया लांबच बऱ्या. निघालेला गाळ गोळा करावा. परसात किंवा गोठ्यात टाकू नये.

लागण. गाठींवर चपडा लाखेचा हात द्यावा, म्हणजे राळ वर येत नाही. मग वुड प्रायमर, तो वाळल्यावर भेगांत लांबी, पुन्हा घासणे आणि लांबीच्या जागी पुन्हा प्रायमर. त्यावर इनॅमलचे दोन पातळ हात द्यावेत; एक जाड हात नको. दोन हातांमध्ये एक रात्र जाऊ द्यावी, २२० नंबरने हलके घासून धूळ पुसावी. कडा आणि दारांची मागची बाजू विसरू नये. ओल तिथूनच शिरते.

काम चालू असताना चूल, शेगडी बंद आणि खिडक्या उघड्या. जवसाच्या तेलाने किंवा तैलरंगाने माखलेल्या चिंध्यांचा ढीग करू नये. तो आतल्या आत तापून आपोआप पेट घेतो. चिंध्या बाहेर एकेक पसरून वाळवाव्यात.

रंग हाताला सुकला म्हणजे पक्का झाला असं नाही. आठवडाभर तरी दारं ओल्या फडक्याने पुसू नका, त्यावर बरण्या टेकवू नका. मशागतीला चार दिवस जास्त गेले तरी जाऊ द्या. खोडव्यासारखं पुढे त्याचंच फळ मिळत राहतं.