गुळवेलीचं कडूपण कोणाचं?

मारेगाव तालुक्यात कापसाच्या धुऱ्यावरच्या निंबाकडे मान वर करून पाहिलं, की फांद्यांवरून दोऱ्यांसारखी लोंबणारी मुळं दिसतात. ती गुळवेल. बोटाएवढी कांडी आडवी कापली की आत बैलगाडीच्या चाकासारखे आरे. जीभ लावली तर कडू.

या कडूपणात कोण कोण आहे, हे शोधणं मात्र सोपं नाही. कांडी सावलीत वाळवून, कुटून मिथेनॉलमध्ये भिजवतात. अर्क आटवून सौम्य आम्लात घेतला की अल्कलॉइडं क्षार बनून पाण्यात उतरतात. मेण आणि चिकट माल मागे राहतो. मग अमोनिया टाकून क्लोरोफॉर्मने खेचायचं, हा पाठ्यपुस्तकी मार्ग. पण बर्बेरिन, पाल्मॅटिन, मॅग्नोफ्लोरिन या गुळवेलीतल्या मंडळींच्या नायट्रोजनवर कायमचा धनभार असतो. अमोनियाला ती जुमानत नाहीत, बहुतेक पाण्यातच बसून राहतात. नेमकी इथेच नवख्या विद्यार्थ्याची परीक्षानळी रिकामी दिसते.

ड्रॅगेनडॉर्फचा द्राव टाकला की नारिंगी साका येतो. त्यावरून फक्त एवढंच कळतं, की आत कुणीतरी अल्कलॉइड आहे. नाव कळायला पातळ थराच्या पट्टीवर त्यांना वेगळं करावं लागतं. ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली बर्बेरिनचा ठिपका पिवळाजर्द उजळतो. वस्तुमानमापीवर त्याचा आकडा ३३६, पाल्मॅटिनचा ३५२, मॅग्नोफ्लोरिनचा ३४२.

(घरोघरी जपून ठेवलेलं पांढरंशुभ्र गुळवेल सत्त्व मुख्यतः स्टार्च असतं. पाण्यात विरघळणारं कडू बरंचसं वरच्या निवळीबरोबर ओतून दिलं जातं!)

अर्कातली द्रव्यं ओळखायची ही उठाठेव कशाला, ते २०२१ मध्ये कळलं. कोरोनाकाळात घरोघर काढे उकळत होते. मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली: रुग्णांनी घेतलेल्या वनस्पतीची तपासणीच झालेली नाही, ती दिसायला सारखी असलेली टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकते. मला ही हरकत रास्त वाटते. पण ती बाटलीबंद चूर्ण विकणाऱ्यांनाही तितकीच लागू पडते.

गंमत अशी, की मॅग्नोफ्लोरिन आणि पाल्मॅटिन क्रिस्पातही सापडतात. म्हणजे नुसत्या अल्कलॉइडांवरून वेल ओळखता येत नाही. कांडीवरच्या ठळक गाठी, पान, फळ पाहावंच लागतं. म्हणून प्रयोगशाळेत चूर्णाच्या पुडीपेक्षा पानांसकट तोडलेली फांदी पोचलेली बरी.