फॉरमॅट मारण्याआधी हे करून पाहा

घरचा कॉम्प्युटर रखडायला लागला, जाहिराती आपोआप उघडू लागल्या, की पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘फॉरमॅट मार.’ बहुतेक वेळा त्याची गरज नसते. क्रमाने तपासलं तर नको असलेली सॉफ्टवेअर घरच्या घरी काढता येतात. मात्र त्याआधी फोटो आणि कागदपत्रं पेन ड्राइव्हवर घ्या. इन्स्टॉलरच्या फाइल सोबत घेऊ नका.

घाण येते कुठून

फुकट व्हिडिओ डाउनलोडर किंवा पीडीएफ कन्व्हर्टर टाकताना आपण ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत जातो आणि आधीच खूण केलेलं दुसरं सॉफ्टवेअर सोबत शिरतं. क्रॅक त्याहून घातक. विंडोज किंवा ऑफिस फुकटात चालू करून देणारं साधन बऱ्याचदा आधी अँटीव्हायरस बंद करायला सांगतं. तिथेच थांबावं.

आधी टास्क मॅनेजर

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. सीपीयू, मेमरी, डिस्क कोण खातंय ते दिसेल. अनोळखी नावावर राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ पाहा. खरा ‘एसव्हीसीहोस्ट’ विंडोजच्या सिस्टिम-३२ फोल्डरमध्ये असतो. त्याच नावाची फाइल डाउनलोड्समध्ये किंवा टेम्पमध्ये सापडली तर संशय घ्यायलाच हवा. स्टार्टअपमधली अनावश्यक नावं बंद करा. मग सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्सची यादी तारखेनुसार लावा आणि त्रास सुरू झाला त्या सुमारास आलेलं, तुम्ही न मागितलेलं काढून टाका.

ब्राउझर नीट पाहा

खाली उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडले’ असं सारखं येतं ना? अनेकदा तो व्हायरस नसतोच, ती एखाद्या वेबसाइटची नोटिफिकेशन असते. ‘तुम्ही रोबो नाही हे दाखवायला अलाऊ दाबा’ असं सांगून परवानगी उकळलेली असते. वयस्कर माणसं या सूचनेला घाबरून त्यातल्या नंबरवर फोन करतात आणि पैसे गमावतात, म्हणून घरातल्या आईवडिलांना हे आवर्जून समजावून सांगा. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशनची परवानगी असलेल्या साइट दिसतात. अनोळखी सगळ्या काढा. एक्स्टेन्शनची यादीही तशीच साफ करा. होमपेज आणि सर्च इंजिन बदललेलं असेल तर पूर्ववत करा.

मग स्कॅन

विंडोज डिफेंडरचा फुल स्कॅन आणि त्यानंतर ऑफलाइन स्कॅन करा. विंडोज चालू असताना काही मालवेअर लपून राहतं. ऑफलाइन स्कॅन विंडोज पूर्ण सुरू होण्याआधी तपासतो, म्हणून तो टाळू नका. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची साधनंही मोफत मिळतात. दोन अँटीव्हायरस मात्र एकत्र चालवू नका, त्यानेच कॉम्प्युटर आणखी रखडतो.

तरीही मंद असेल तर

सगळं साफ करूनही डिस्क शंभर टक्क्यांवर असेल, तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवणं हा खरा उपाय. मात्र त्यावर खर्च करण्याआधी, विंडोज १० चा नियमित मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हेही ध्यानात घ्या.

फॉरमॅट कधी

साफ केलेलं पुन्हा पुन्हा उगवत असेल किंवा पासवर्ड चोरणारं काही सापडलं, तर फॉरमॅटच योग्य. बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदला. खात्यातून पैसे गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला १९३० या क्रमांकावर फोन करा, कॉम्प्युटर नंतर.