दुर्बीण निवडताना चकाकीचीही परीक्षा हवी

बेंगळुरू : शहराच्या उत्तरेकडील हेब्बाळ तलावावर सूर्योदयाच्या सुमारास पूर्वेकडे दुर्बीण रोखली, की पुष्कळदा सारे दृश्य दुधी पडद्याआड जाते. हळदी-कुंकू बदकाच्या चोचीचे पिवळे टोक आणि बुडाशी असलेले लाल ठिपके, ज्यांवरून त्याला हे नाव मिळाले, नेमके तेच पुसट होतात. हा पडदा बहुधा दुर्बिणीच्या आत भरकटलेल्या प्रकाशाचा असतो.

दुर्बिणीवरील ८×४२ या आकड्यांवरून वर्धन आणि पुढील भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास कळतो. व्यासाला वर्धनाने भागल्यास डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते : ५.२५ मिलिमीटर. १०×२५ मध्ये ती अवघी २.५ असते. अंधुक प्रकाशात रुंद झोत उपयुक्त, हे खरेच; चकाकीबाबत मात्र हे गणित काहीच सांगत नाही. लेप नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित करतो. चांगल्या बहुस्तरीय लेपाने हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते. तथापि लोलकांच्या कडा व नळीची आतील बाजू नीट काळी केलेली नसेल, तर उत्तम लेपही अपुरा पडतो. त्यातच पहाटे डोळ्याची बाहुली विस्फारलेली असल्याने झोताच्या कडेचा भरकटलेला प्रकाशही आत शिरतो. दुकानात, भर दुपारी, निर्दोष वाटलेली दुर्बीण तलावाकाठी निराशा करते ती यामुळे.

खरेदीपूर्वी दुर्बीण हातभर अंतरावर धरून उजळ आकाशाकडे रोखावी आणि नेत्रभिंगात पाहावे. तेजस्वी वर्तुळाभोवती गडद काळोख हवा. तेथे राखाडी कोर दिसल्यास दुसरी दुर्बीण मागावी. सूर्याकडे मात्र ती कधीही रोखू नये.