दुर्मीळ कूपे आणि ट्रॅकचा दिवस : निवडीचा जमाखर्च

वस्तू दुर्मीळ झाली की तिचे मोल वाढते, हा बाजारपेठेचा जुना नियम व्यापारी घराण्यांना नव्याने शिकवावा लागत नाही. परंतु दुर्मीळ वस्तू तिजोरीत न ठेवता रोज हाताळायची असेल, आणि तीही अशा ठिकाणी, जिथे एका चुकीच्या वळणावर तिचा चुराडा होऊ शकतो, तर हाच नियम उलटा फिरतो. जे दुर्मीळ, ते दुरुस्तीला महाग. जे दुर्मीळ, ते मोडले की पुन्हा मिळत नाही. ब्रिटनमध्ये ‘ट्रॅक डे’साठी एखादी जुनी, लहान, चपळ कूपे विकत घेऊ पाहणाऱ्यांपुढे नेमका हाच प्रश्न उभा राहतो. लंडन-लेस्टर परिसरात शिक्षण वा व्यवसायानिमित्त स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांतील तरुणांच्या बोलण्यातही हा शब्द आता येऊ लागला आहे. म्हणून त्यामागचा हिशेब घरातील थोरांनीही समजून घेणे उपयुक्त ठरेल.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे

ब्रँड्स हॅच, कॅडवेल पार्क, औल्टन पार्क, कॅसल कूम अशी शर्यतींची सर्किटे वर्षातील अनेक दिवस सर्वसामान्य वाहनधारकांसाठी खुली केली जातात. ठरावीक शुल्क भरून आपली स्वतःची गाडी तेथे न्यायची आणि वेगमर्यादेच्या बंधनाविना चालवायची, असे या दिवसाचे स्वरूप असते. तथापि येथे क्रमांक काढले जात नाहीत, वेळ मोजण्यास सहसा मनाई असते आणि पुढच्या चालकाने वाट दिल्यावरच, ठरवून दिलेल्या बाजूने त्याला मागे टाकता येते. सकाळी सर्वांना नियम समजावून सांगितले जातात, हेल्मेट बंधनकारक असते आणि पहिल्या काही फेऱ्या मार्ग ओळखण्यासाठी सावकाश माराव्या लागतात. सायलेन्सरच्या आवाजाचीही मोजणी होते. मर्यादेपेक्षा अधिक आवाज करणाऱ्या गाडीला सर्किटवर प्रवेश मिळत नाही.

जिंकायचे नसल्यामुळे सर्वांत ताकदवान गाडी घेण्याचे कारणच उरत नाही. हलकी, आज्ञाधारक आणि आपल्या कौशल्याच्या आवाक्यातील गाडी येथे अधिक शिकवते. हलक्या गाडीला थांबवण्यास कमी श्रम पडतात. तिचे टायर आणि ब्रेक पॅड सावकाश झिजतात. पेट्रोलही कमी लागते.

एक उदाहरण : फोर्ड प्यूमा

या दृष्टीने अभ्यासण्यासारखे एक उत्तम उदाहरण म्हणजे १९९७ साली बाजारात आलेली फोर्ड प्यूमा. आज याच नावाने विकली जाणारी उंच गाडी वेगळी. ही मूळ प्यूमा दोन दारांची, बसक्या बांध्याची, गोलसर रेषांची कूपे होती. तिच्या रेखाटनाचे श्रेय इयन कॅलम यांच्याकडे जाते. जर्मनीतील कोलोन येथील कारखान्यात ती तयार होत असे. ‘टॉप गिअर’ने तिला १९९७ ची सर्वोत्तम गाडी ठरवले होते.

तिचे खरे वैशिष्ट्य मात्र पत्र्याच्या आत होते. तिचा पाया त्या काळातील फिएस्टाचा, म्हणजे घराघरांत दिसणाऱ्या साध्या गाडीचा होता. हाच पाया भारतीय वाचकांनाही अपरिचित नाही. १९९९ मध्ये चेन्नईजवळच्या कारखान्यातून बाहेर पडलेली आणि ‘जोश मशीन’ या नावाने जाहिरातींत गाजलेली फोर्ड आयकॉन याच फिएस्टा कुळातील होती. प्यूमामध्ये या साध्या पायावर १.७ लिटरचे, यामाहाच्या साहाय्याने विकसित केलेले इंजिन बसवण्यात आले. त्याची ताकद सुमारे १२३ अश्वशक्ती. आकडा मोठा नाही. पण गाडीचे वजन सुमारे १,०४० किलोच असल्याने आणि स्टिअरिंग अत्यंत नेमके असल्याने ती वळणांवर तिच्याहून मोठ्या गाड्यांना लाजवीत असे. १.४ आणि नंतर १.६ लिटरच्या आवृत्त्याही निघाल्या, परंतु ट्रॅकसाठी शोध घेतला जातो तो १.७ चाच.

दुर्मीळतेचे दोन प्रकार

या एकाच गाडीत दुर्मीळतेचे दोन वेगवेगळे प्रकार पाहावयास मिळतात, आणि खरेदीदाराची खरी कसोटी तेथेच लागते.

पहिला प्रकार जन्मजात दुर्मीळतेचा. ‘रेसिंग प्यूमा’ ही खास आवृत्ती केवळ ५०० गाड्यांची आणि केवळ ब्रिटनपुरती. कोलोनहून आलेल्या गाड्यांवर डॅव्हेन्ट्री येथे टिकफर्ड या संस्थेने पुढचे काम केले. रुंद मडगार्ड, १७ इंची चाके, अल्कॉनचे मोठे ब्रेक, स्पार्कोच्या बैठका आणि १५३ अश्वशक्तीपर्यंत वाढवलेले इंजिन असा तिचा थाट होता. रंग सर्वांचा एकच, गडद निळा. मूळ योजना १,००० गाड्यांची होती. परंतु किंमत २२ हजार पौंडांच्या वर गेली. जवळपास तेवढ्याच पैशांत चारही चाके ओढणारी, टर्बो इंजिनाची सुबारू इम्प्रेझा मिळत असे. साहजिकच ग्राहक थबकले आणि उत्पादन निम्म्यावर थांबले. व्यापाराच्या भाषेत सांगायचे तर त्या काळी जो माल चढ्या भावामुळे पडून राहिला, तोच पुढे संख्येने कमी म्हणून संग्राहकांच्या पसंतीस उतरला.

दुसरा प्रकार काळाने आणलेल्या दुर्मीळतेचा. साधी प्यूमा एक लाखाहून अधिक संख्येने बनली. तरीही आज धड स्थितीतील गाडी सहज सापडत नाही, आणि याचे मुख्य कारण गंज हे आहे. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून ब्रिटनच्या रस्त्यांवर मीठ टाकले जाते. ते ओल्या चिखलाबरोबर मागच्या चाकांवरील कमानीत आणि दाराखालच्या पोकळ पत्र्यात साचते व आतून पत्रा खात राहते. बाहेर रंगाला फुगवटा दिसू लागतो, तेव्हा आतला पत्रा बहुधा संपलेला असतो.

पहिल्या प्रकारात गाडीचे खास भागच दुर्मीळ असतात. रेसिंग प्यूमाचे मडगार्ड चेपले, तर ते साध्या प्यूमावरून काढून बसवता येत नाही; तिचे ब्रेक सामान्य दुकानात मिळत नाहीत. दुसऱ्या प्रकारात मात्र सांगाडा दुर्मीळ असला, तरी आतील अनेक सुटे भाग फिएस्टा कुळातील असल्याने मिळणे सोपे जाते. म्हणून ट्रॅकवर वारंवार नेण्यासाठी जाणकार ज्या गाडीची निवड करतील, ती रूपाने विरळ पण हाडामांसाने सामान्य असलेली. साधी १.७ प्यूमा या कसोटीला उतरते. रेसिंग प्यूमा ट्रॅकवर नेऊच नये असे नाही. परंतु तेथे प्रत्येक फेरीत ५०० पैकी एक पणाला लागते, याची जाणीव मालकाला हवी.

खरेदीपूर्वीची तपासणी

पहिली तपासणी पत्र्याची. इंजिन बदलता येते, टायर बदलता येतात. कुजलेला सांगाडा सावरणे सर्वांत खर्चिक. गाडी उचलून खालून पाहावी, मागच्या कमानी आणि दाराखालचा भाग हाताने चाचपावा. नुकताच लावलेला जाड काळा डांबरी लेप दिसला तर त्याखाली काय झाकले आहे, ते विचारावे. ब्रिटनमध्ये दरवर्षी होणाऱ्या सक्तीच्या एमओटी तपासणीच्या नोंदी गाडीच्या क्रमांकावरून कोणालाही पाहता येतात. मागील वर्षांत गंजाविषयी कोणते शेरे आले, हे त्यांत स्पष्ट दिसते. ही नोंद म्हणजे गाडीची खतावणीच होय. ती न वाचता व्यवहार करू नये.

दुसरी तपासणी इंजिनाची. १.७ इंजिनाच्या सिलिंडरांना आतून निकासिल नावाचा कठीण लेप असतो. तो झिजला, तर सामान्य इंजिनाप्रमाणे सिलिंडर मोठे करून काम भागत नाही. म्हणून योग्य दर्जाचे ऑइल वेळेवर बदलले गेले आहे का, याचे कागद मागावेत आणि इंजिन थंड असताना स्वतः सुरू करून पाहावे. टायमिंग बेल्ट केव्हा बदलला, याचा पुरावा नसेल तर तो बदलण्याचा खर्च किमतीतून वजा धरावा.

तिसरी तपासणी ब्रेकची. येथे प्रश्न पैशांचा नसून जिवाचा आहे. ट्रॅकवर वारंवार जोरात ब्रेक दाबल्याने ब्रेकमधील द्रव तापतो. हा द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो. डॉट ४ प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. द्रव उकळला की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, पायाखालचे पेडल मऊ पडून तळाला जाते आणि गाडी थांबत नाही. यावरचा उपाय अगदी स्वस्त आहे : ट्रॅकवर जाण्याआधी द्रव बदलणे आणि उष्णता सहन करणारे पॅड बसवणे. अश्वशक्ती वाढवण्यावर पैसा खर्च करण्याआधी तो येथे खर्च व्हावा. अखेरची फेरी सावकाश मारून ब्रेक थंड होऊ द्यावेत आणि गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नये, हा संकेतही याच कारणाने पाळला जातो.

विमा आणि कायदा

रस्त्यावरील नेहमीची विमा पॉलिसी ट्रॅकवरील नुकसान बहुधा भरून देत नाही. ब्रिटनमध्ये एका दिवसापुरता वेगळा विमा मिळतो. परंतु त्यात नुकसानीचा पहिला मोठा हिस्सा मालकालाच सोसावा लागतो. सर्किटचे कठडे वा अन्य वाहनधारकाचे नुकसान याबाबत कोणती अट आहे, हे सही करण्यापूर्वी वाचणे आवश्यक आहे.

ब्रिटनमधील नातेवाइकाची अशी गाडी पुढे महाराष्ट्रात आणावी, हा विचार मात्र व्यवहार्य नाही. तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी भारतात आयात करण्यास सर्वसाधारणपणे परवानगी नाही. भारतातही चेन्नईजवळचे सर्किट, कोइम्बतूरचे करी मोटर स्पीडवे किंवा ग्रेटर नोएडातील ५.१२५ किलोमीटरचे बुद्ध सर्किट आहे. आपल्याकडे हा छंद जोपासायचा तर येथेच मिळणारी हलकी गाडी घेणे शहाणपणाचे. संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी आपल्याकडील सामान्य मोटार विम्याच्याही कक्षेबाहेर असते.

भांडवलाची वाटणी

अशी गाडी घेणारे बहुतेक जण एकच चूक करतात : हाती असलेली सारी रक्कम गाडीच्या किमतीत घालतात आणि टायर, ब्रेक, विमा, शुल्क यांसाठी काहीच शिल्लक ठेवत नाहीत. दुकान थाटताना सारे भांडवल जागेत अडकवून माल भरायला पैसा न उरावा, तसाच हा प्रकार. त्यापेक्षा थोडी कमी देखणी परंतु निरोगी पत्र्याची गाडी घ्यावी, काही रक्कम तिला सुरक्षित करण्यासाठी लावावी, आणि काही रक्कम प्रशिक्षकासोबत घालवायच्या तासांसाठी राखून ठेवावी. अनुभवी प्रशिक्षक शेजारी बसून एका दिवसात जे शिकवतो, ते महागडा सायलेन्सर कधीच शिकवत नाही.

गाडीचे मूल्य पुढे वाढेल, या आशेवर ट्रॅकची गाडी घेऊ नये. जपून ठेवलेल्या गाडीचे मूल्य वाढू शकते. ट्रॅकवर वापरलेल्या गाडीचे प्रत्येक दिवशी थोडे घटतेच. दोन्ही लाभ एकाच खात्यावर जमा होत नाहीत. म्हणून खरेदीदाराने व्यवहार ठरवण्याआधी एकच आकडा कागदावर मांडावा : ही गाडी पहिल्याच दिवशी कठड्यावर आदळून निकामी झाली, तर किती रकमेचे नुकसान घरच्या संसाराला वा धंद्याला धक्का न लावता सोसता येईल? ज्या गाडीची किंमत त्या आकड्याच्या आत बसते, ती ट्रॅकसाठी योग्य. ज्या गाडीची बसत नाही, ती कितीही मोहक असली तरी तिला गॅरेजमध्ये झाकून, रविवारच्या सकाळी रिकाम्या रस्त्यावर हळुवार फिरवण्यातच तिचा मान आहे.