किनाऱ्यावरचा 'ऱ्या'

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गोष्ट २०१३ सालच्या दिवाळीतली आहे. एका दिवाळी अंकाच्या इंटरनेटवरच्या आवृत्तीत माझी कविता आली होती. घरच्या जुन्या संगणकावर मी ती मोठ्या हौसेनं उघडली आणि बघतच राहिलो. 'किनाऱ्यावर'मधला 'ऱ्या' फुटला होता. नुक्त्याचा र एकीकडे, त्याचा पाय मोडणारी तिरकी रेघ दुसरीकडे आणि 'या' तिसरीकडे. खाली माझ्या गावाचं नाव होतं. त्यातल्या 'गि'ची वेलांटी 'ग' सोडून पुढच्या 'र'च्या डोक्यावर जाऊन बसली होती.

मी तडक संपादकांना फोन लावला. वयानं तरुण माणूस. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, आमच्याकडे कविता नीट दिसतेय. तुमचा ब्राउझर जुना असेल. अपडेट करून बघा." मला राग आला. मी त्याला अंकातली चूक दाखवतोय आणि हा मला माझंच घर झाडायला सांगतोय!

त्यानंतर मी जे केलं, त्याची आज लाज वाटते. पुढच्या कवितेत मी 'किनाऱ्यावर' खोडून 'तटावर' लिहिलं. 'वाऱ्याचा' काढून 'पवनाचा' घातलं. पडद्यावर फुटणारं अक्षरच टाळायचं, म्हणजे झालं! पण आमच्या मिरकरवाड्यात कोणी तटावर जात नाही. माणूस किनाऱ्यावर जातो. होड्या वाऱ्याची वाट बघतात, पवनाची नाही. किनारा, वारा, खारा हे कोकणातले रोजचे शब्द. त्यांना प्रत्यय लावला की 'ऱ्या' आलाच. पावसाळ्यात घरामागून वाहतो तो पऱ्या, त्यातही तोच. हे अक्षर टाळून रत्नागिरीत कविता लिहायची, म्हणजे मिठाशिवाय कालवण करायचं.

शिवाय या अक्षरानं अर्थ बदलतो. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे दोन डोंगरांमधल्या खोल जागा. फरक एवढाच, की पहिल्यात र डोक्यावर रफार होऊन बसतो आणि दुसऱ्यात पापणीसारखा आडवा होऊन 'य'ला टेकतो. 'दर्या' हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. उर्दूत त्याचा अर्थ नदी, मराठीत समुद्र. 'दऱ्या' मात्र 'दरी'च्या. आमच्या जिल्ह्याच्या एका अंगाला दर्या आहे आणि दुसऱ्या अंगाला सह्याद्रीच्या दऱ्या. त्यांची अदलाबदल झालेली आम्हाला परवडणार नाही.

पुढच्या वर्षी आंब्याच्या दिवसांत भाचा आला. त्यानं संगणक पाहिला आणि म्हणाला, "मामू, कवितेला काही झालेलं नाही. ती वाचणारा तुमचा ब्राउझर म्हातारा झालाय." मग त्यानं मला जे समजावून सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगतो.

ब्राउझर म्हणजे इंटरनेटवरची पानं दाखवणारा प्रोग्रॅम. मराठीत काही जण त्याला 'न्याहाळक' म्हणतात. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली सर्न या युरोपीय प्रयोगशाळेत पहिला ब्राउझर तयार केला. आपल्याकडे सामान्य ग्राहकांना इंटरनेट मिळू लागलं ते १५ ऑगस्ट १९९५पासून. आपली समजूत असते, की वेबपान छापील कागदासारखं तयार होऊन येतं. तसं नसतं. येतात ते फक्त संकेत, म्हणजे अक्षरांचे क्रमांक. पान उभं राहतं ते आपल्याच पडद्यावर.

'किनाऱ्यावर' हा शब्द घ्या. तो दहा संकेतांनी येतो : क, वेलांटी, न, काना, ऱ, हलन्त, य, काना, व, र. वेलांटी आपण 'क'च्या आधी लिहितो, पण संकेतांत ती 'क'च्या नंतर असते, कारण संकेत उच्चाराच्या क्रमानं लावलेले असतात. ती उचलून पुढे आणायची, 'ऱ' आणि हलन्त यांची पापणी करायची आणि ती 'य'ला जोडायची, हे काम कोणीतरी करावंच लागतं. छापखान्यात ते जुळारी करत असे. संगणकात त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम असतो. माझ्या संगणकात विंडोज एक्सपी होतं. त्यात भारतीय लिप्यांची सोय होती, पण ती मुद्दाम चालू करून घ्यावी लागे. मी ती कधी केलीच नव्हती. म्हणजे खिळे आले होते, पण जुळारी जागेवर नव्हता.

नव्या ब्राउझरांनी हा जुळारी स्वतःबरोबरच आणायला सुरुवात केली. फायरफॉक्स आणि क्रोम या दोन्हींत जो आहे, त्याचं नाव 'हार्फबझ'. हे नाव ऐकून मला गंमत वाटली. ते फारसी आहे. हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज म्हणजे खुलं. तो घडवणारे बेहदाद इस्फहबोद मूळचे इराणचे. फारसी नावाचा जुळारी माझा मराठी 'ऱ्या' जोडतो! 'दर्या' हा शब्द ज्या वाटेनं आला, तीच ही वाट.

भाच्यानं नवी आवृत्ती बसवली. दिवाळी अंकाच्या त्या पानाबरोबर त्याचा फॉन्टही येत होता. दहा मिनिटांत 'किनाऱ्यावर' जसा हवा तसा उमटला. मी संपादकांना फोन करून माफी मागितली.

पण नवी आवृत्ती घेतली की सगळं मिळतं, असंही नाही. काही जातंही. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि त्यातला देवनागरीचा विभाग इस्की या भारतीय संकेतावलीच्या १९८८च्या आराखड्यावर बेतलेला होता. तरी आपल्या संगणकांवर युनिकोड रुळायला बरीच वर्षं लागली. तोवर प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळा. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरं आपापल्या मर्जीनं बसवलेली. मराठी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर तेव्हा 'आधी आमचा फॉन्ट उतरवून घ्या' अशी सूचना असे. काहींचा फॉन्ट आपोआप येई, पण तो इंटरनेट एक्सप्लोररमध्येच चाले. १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०वरच्या त्या ब्राउझरचा आधार काढून घेतला. तशी जुनी पानं आज उघडली तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. माझ्या त्या काळच्या कविताही अशाच फॉन्टमध्ये आहेत. ब्राउझर कितीही नवा असला तरी तो त्या वाचू शकत नाही. त्या युनिकोडमध्ये बदलून, ओळ न् ओळ तपासूनच घ्याव्या लागतात. तेव्हा ज्यांच्याकडे असं लिखाण पडून आहे, त्यांनी ते काम आजच हाती घ्यावं.

अक्षरंही नवी येत असतात. 'ॲड.' किंवा 'ॲप' लिहिताना आपण अ-वर अर्धचंद्र देतो. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेत मिळाला तो २००८ साली. त्याआधीच्या फॉन्टना ते ठाऊकच नाही, म्हणून जुन्या संगणकावर त्या जागी रिकामा चौकोन दिसतो. तो चौकोन म्हणजे अक्षर हरवलं, असं समजू नका. अक्षर आलेलं असतं, आपलं घर त्याला ओळखत नसतं.

कवितेचं राहू द्या, पैशांचं बोलू. बँक, वीजबिल, सातबारा हे सगळं आता ब्राउझरमधून होतं. ब्राउझरमध्ये चोराला शिरता येईल अशा फटी सापडत असतात आणि नव्या आवृत्तीत त्या बुजवलेल्या असतात. भारत सरकारची सर्ट-इन ही संस्था अशा फटींच्या सूचना प्रसिद्ध करते आणि बहुतेक वेळा उपाय एकच सांगते, नवी आवृत्ती घ्या. संकेतस्थळाशी होणारं गुप्त बोलणंही बदलत जातं. त्याच्या दोन जुन्या पद्धती मोठ्या ब्राउझरांनी २०२० साली बंद केल्या. ३० सप्टेंबर २०२१ रोजी संकेतस्थळांची ओळख पटवणारं एक मूळ प्रमाणपत्र मुदत संपून बाद झालं आणि कित्येक जुन्या फोनवर, संगणकांवर चांगली संकेतस्थळंही उघडेनाशी झाली. दोष संकेतस्थळांचा नव्हता.

खर्चाची बाजूही सांगायला हवी. ब्राउझर फुकट असतो, पण त्याला खाली पाया लागतो. विंडोज ७वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९. २०२३मध्ये आलेल्या ११०पासून विंडोज १० किंवा त्यापुढचंच लागतं. ज्याचा संगणक जुना आणि खिसा लहान, त्याला 'अपडेट करा' म्हणणं सोपं असतं. अशा संगणकावर लिहावं, वाचावं, पण बँकेचे व्यवहार करू नयेत.

करायचं काय, ते थोडक्यात. ब्राउझरच्या मेन्यूत 'मदत' आणि त्यात 'विषयी' असं काहीसं असतं. ते उघडलं की आवृत्तीचा क्रमांक दिसतो आणि नवी असेल तर ती उतरू लागते. क्रमांक शंभराच्या वर गेलेला पाहून घाबरू नका. २०११पासून फायरफॉक्सनंही क्रोमसारख्या काही आठवड्यांनी आवृत्त्या काढायला सुरुवात केली, म्हणून आकडे पळतात. नवी आवृत्ती उतरल्यावर ब्राउझर एकदा बंद करून पुन्हा उघडावा लागतो. पुष्कळ जण तेवढंच करत नाहीत. आणि एखाद्या पानावर अचानक 'तुमचा ब्राउझर जुना झाला, इथे दाबा' असं आलं तर मुळीच दाबू नका. चोरही हल्ली याच वेषात येतात. अपडेट घ्यायचं ते ब्राउझरच्या स्वतःच्या मेन्यूतून.

'तटावर'ची ती कविता मी कुठेही पाठवली नाही. वहीत तो शब्द खोडून वर पुन्हा 'किनाऱ्यावर' लिहिलं आहे. यंत्राला आपलं अक्षर येत नसेल, तर यंत्राला ते शिकवावं. आपण आपला शब्द बदलू नये. नवी आवृत्ती घ्यायची ती एवढ्यासाठी.